नंदूच्या चहाचं पत्र

गुहागर, खालचा पाट
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय दिल्या,

गणपतीत तू येऊन गेलास, त्याला दोन महिने होत आले. गेल्यावर तू फोनवर विचारलंस, "तुझा भाऊ नंदू माझ्यावर का रागावला रे? आरतीलासुद्धा आला नाही." मी "काही नाही रे, त्याचं असंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. काल सुपारी वाळत घातली, आता ऊन चांगलं पडतंय आणि हात रिकामे आहेत, म्हणून लिहायला बसलोय.

तुला आठवत असेल, तू स्वयंपाकघरात आलास तेव्हा नंदू चहा गाळत होता. त्याचा हात थोडा थरथरला आणि तू "दे इकडे, भाजेल" म्हणत पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलंस. तू चांगल्या मनानेच घेतलंस. पण दिल्या, त्या चहाला त्याची आठ महिन्यांची मेहनत लागली होती आणि पाहुण्यासाठी तो पहिल्यांदाच करत होता. तू आलास म्हणून.

आता मुळापासून सांगतो. आई न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला ते तुला माहीत आहे. शेजाऱ्यांनी तिला चिपळूणला नेलं, मी डोंबिवलीहून रात्रीची गाडी पकडून थेट तिथे पोचलो आणि ऑपरेशनच्या गडबडीत दोन दिवस गेले. नंदूला शेजारच्या काकू जेवायला बोलवायच्या. तो जेवायचा आणि परत घरी येऊन बसायचा, त्यांच्याकडे राहायला काही तयार होईना. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तर हा पडवीत, तोच शर्ट अंगात आणि मांडीवर पोह्यांचा डबा. फिरकीच्या झाकणाचा. डबा भरलेला होता आणि त्याला तो उघडता येत नव्हता. तेव्हा तो 31 वर्षांचा होता.

त्याच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर 'मंगोल' असं लिहिलं होतं, तेव्हा तसंच म्हणायचे. आता डाउन सिंड्रोम म्हणतात: एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन ऐवजी तीन प्रती. ऐंशीच्या दशकात अशी मुलं पंचविशीपर्यंतच जगतात असं धरून चालायचे. आता साठी गाठतात. आईने त्याला तेवढ्याच वर्षांच्या हिशोबाने वाढवलं असावं. आंघोळ तिने घालायची, भात तिने कालवायचा, नाडी तिने बांधायची. त्यात प्रेम होतंच, पण घाईही होती रे. त्याला शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागतात, आईच्या हाताला एक. घरात आगर, गोठा आणि एकटी बाई. वीस मिनिटं ती कुठून आणणार?

मी नोकरी सोडून इथे आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं आईसाठी आलो. आई चार महिन्यांत काठी घेऊन चालायला लागली. राहिलो तो त्या डब्यामुळे.

रत्नागिरीत एक विशेष शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा जायला लागलो. तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि तिथून पुढे. नंदूला शिकण्यापेक्षा फेरीबोटच जास्त आवडायची. बाईंनी पहिल्या भेटीत मला वहीत चहाच्या पायऱ्या लिहायला सांगितल्या. मी लिहिलं: पाणी, साखर, पावडर, दूध, गाळणं. पाच. बाई हसल्या. "पातेलं कुठून घेतलं? पाणी किती घेतलं? लायटर कुठल्या हाताने?" शेवटी सतरा पायऱ्या झाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं ते मला आधी उलटंच वाटलं. शिकवायला सुरुवात सतराव्या पायरीपासून करायची. म्हणजे पहिल्या सोळा पायऱ्या मी करायच्या आणि भरलेला कप आईपुढे नेऊन ठेवायचा नंदूने. ते जमलं की कपात ओतणं, मग गाळणं, मग गॅस बंद करणं, असं मागे मागे जायचं. कारण काय, तर पहिल्यापासून शिकवलं की तो पातेल्यात पाणी घेतो आणि तिथेच थांबतो, पुढचं दुसराच कुणी करतो. शेवटून शिकवलं की रोज काम त्याच्याच हातून पुरं होतं आणि आईचं "वा रे नंदू" त्यालाच मिळतं. पहिल्या आठवड्यात त्याने नुसता कप नेला, पण चालण्याचा थाट असा की पालखीच निघाली आहे.

आता तुझ्या वहिनीची गंमत. ती प्रेमळ, त्यामुळे सारखी बोलते. "नंदू, साखर. नंदू, आता दूध." चार महिन्यांनी लक्षात आलं की तो साखरेपर्यंत येतो आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. बाई म्हणाल्या, "तुमचा 'साखर' हा शब्द त्याच्या चहाचा भाग झालाय. हात धरून दाखवलेलं हळूहळू सोडवता येतं, बोट दाखवलेलंही येतं, बोललेलं सुटायला सगळ्यात कठीण." मग मनात दहा आकडे मोजायचे आणि तोवर गप्प राहायचं असं ठरलं. वहिनीला काही जमेना. शेवटी तिने तोंडात सुपारीचं खांड धरायला सुरुवात केली. घरचीच सुपारी, तोटा नाही! नंदू सहाव्या-सातव्या आकड्याला स्वतःच साखरेच्या डब्याकडे वळायचा. ते सहा आकडे इतके लांब असतात दिल्या, की आपलाच हात शिवशिवतो. तुझा हात शिवशिवला तो असाच.

अशा मुलांना ऐकलेलं फार वेळ डोक्यात धरता येत नाही, बघितलेलं चांगलं राहतं. म्हणून पायऱ्यांचे फोटो काढून शृंगारतळीच्या स्टुडिओतून छापून आणले आणि ओट्याच्या वर चिकटवले. जूनमध्ये सगळ्यांवर बुरशी! दूध ओतायच्या फोटोत दुधापेक्षा बुरशीच पांढरी. दुसरा संच लॅमिनेट करून आणला. कोकणात काही शिकवायचं तर आधी पावसाळ्याचा विचार करावा लागतो.

आंघोळीच्या युक्त्या मात्र वहिनीच्या. बंबाच्या पाण्याची भीती, म्हणून बादलीला आतून नखपॉलिशची लाल रेघ ओढली. रेघेपर्यंत थंड पाणी आधी, मग वर गरम. साबण हातातून निसटायचा (त्याचे स्नायू जन्मापासून सैल, बोटं आखूड), तर तो जुन्या मोज्यात घालून खुंटीला बांधून टाकला. लेंग्यांना नाडीच्या जागी इलॅस्टिक. फिरकीचे डबे घरातून हद्दपार. एवढ्याशा गोष्टी, पण 31 वर्षं कुणाला सुचल्या नाहीत. मलाही नाही.

मध्ये एकदा तो फारच मंदावला. सकाळी उठेना, जमलेलंही करेना. मी आळशी म्हणून ओरडलो. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं तर थायरॉइड निघाला. डाउन सिंड्रोममध्ये तो पुष्कळांना असतो, दरवर्षी तपासायचा असतो. त्या ओरडण्याची लाज अजून वाटते. आता सात कप्प्यांच्या डबीतली गोळी तो उपाशीपोटी स्वतः घेतो आणि रिकामा कप्पा मला दाखवतो.

पैशांचं सांगायचं राहिलंच. नोटा त्याला रंगावरून कळतात: दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची जांभळी, दोनशेची पिवळी. जुनी शंभराची हिरवट नोट दिली तर घेतच नाही, दुकानदाराला परत करतो! सुट्टे हिशोब जमत नाहीत, त्यावर बाईंनी एक युक्ती दिली. किमतीतले दहा किती ते ऐकायचं आणि दहाची एक नोट जास्त द्यायची, उरलेले परत येतात. पण ती युक्ती इंग्रजीतली. 'थर्टी सेव्हन' म्हटलं की 'थर्टी' आधीच हातात येतं. आपल्या मराठीत बघ: बावन्नमध्ये पन्नास शोधून सापडत नाही, एकसष्टात साठ ऐकू येत नाही, आणि एकोणचाळीस चाळिसाच्या घरातला वाटतो पण असतो तिशीतला. नंदू रडकुंडीला आला. मी स्वतः इतकी वर्षं मराठी बोलतोय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग नाक्यावरच्या दुकानदाराने तोड काढली. तो कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो. 37 दिसले की नंदू पहिला आकडा बघतो, तीन, आणि चार नोटा मोजून ठेवतो. टीव्हीच्या रिमोटमुळे आकडे त्याला येतातच. शंभराच्या आतलं सामान आता तोच आणतो. वरचं आम्ही.

नारळांचंही तसंच केलं. पडवीत गेरूने पंचवीस चौकोन आखले, एकेका चौकोनात एकेक नारळ. भरले की हाक मारतो, "दादा, फुल्ल!" व्यापाऱ्याचा आणि त्याचा हिशोब अजून एकदाही चुकलेला नाही. व्यापाऱ्याचा आणि माझा चुकलाय.

एसटीची गोष्ट आईसमोर काढू नकोस. शृंगारतळीला एकट्याने जाणं शिकवत होतो. आधी मी शेजारी बसायचो, मग मागच्या सीटवर, मग स्कूटरने गाडीच्या मागे. शेवटी एके दिवशी मी गेलोच नाही. मोडकाआगरला ओळखीचे कुणीतरी उतरले, त्यांच्या मागून हाही उतरला. ते निघून गेले आणि हा दीड तास थांब्यावर. एका रिक्षावाल्याने खिशातल्या कार्डावरचा नंबर लावला म्हणून कळलं. मी पोचलो तेव्हा नंदू त्या रिक्षावाल्याबरोबर भजी खात होता. आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "मी आहे तोवर त्याला कुठे पाठवायचं नाही." मी म्हटलं, "आणि तू नसताना?" बोलायला नको होतं. ती उठून आगरात निघून गेली.

पण महिन्याभराने तिनेच त्याच्या शर्टाला आतून खिसा शिवला, सवलतीच्या पासासाठी. आता दर शनिवारी तो जातो. मोडकाआगरला उतरायचं नाही हेही शिकलाय. कुणी उतरायला लागलं की पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसतो. कंडक्टर हसतात.

कागदपत्रांत तुला रस नाही, पण एक सांगतो. नंदूसारख्या मोठ्या झालेल्यांना कायदेशीर पालक नेमता यावा म्हणून 1999 चा राष्ट्रीय न्यासाचा (नॅशनल ट्रस्टचा) कायदा आहे, त्याखाली कलेक्टरांच्या समितीकडे माझ्या पालकत्वाचा अर्ज केलाय. त्याच न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमाही काढला, एक लाखाचा. एका कचेरीत नंदूसमोरच मला विचारलं, "याला काही कळतं का?" नंदूने शांतपणे आपलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कायद्यातच आहे की पालक कशाकशासाठी हवा तेही समितीने बघायचं. मी आईला तेच वाचून दाखवलं. बँकेसाठी मी, दवाखान्यासाठी मी. चहासाठी नाही. आई म्हणाली, "आणि साखरेसाठी?"

कारण साखर तो अजून प्रत्येक कपाला तीन चमचेच घालतो. तीनच्या खाली यायला तयार नाही. आईला मधुमेह, म्हणून तिचा कप मी वेगळा करतो, आणि ते त्याला मुळीच आवडत नाही. बाईंना विचारलंय, अजून तोड निघालेली नाही.

तर डिसेंबरात ये. आलास की पडवीत बस आणि चहा येईपर्यंत आत येऊ नकोस. पंचवीस मिनिटं लागतील. थोडा बशीत सांडेल आणि गोडमिट्ट असेल. येताना एक लांब दांड्याची स्टीलची गाळणी आण, दांड्याला प्लॅस्टिकची मूठ असलेली. इथे सगळ्या आखूड मिळतात आणि वाफ त्याच्या बोटांवर येते. तू आणलीस हे मी त्याला सांगणार नाही, तूच दे.

तुझा,
बाळ्या