अण्णा, तुमचे तीन प्रश्न

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

काल लॉच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला. पास झाले. आभार मानताना सगळे प्राध्यापकांची, वकीलसाहेबांची नावं घेतात, त्यांच्या कारकुनाचं, म्हणजे तुमचं, कुणी घेत नाही. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

पहिल्या वर्षी संविदा (कराराच्या) कायद्यात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा मी कॉलेज सोडायच्या बेतात होते. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यात गाइड पाठ करायची सवय. प्रश्न जरा फिरवून आला की पेन थांबायचं. त्याच सुट्टीत मी तुमच्या ऑफिसात इंटर्नशिपला आले आणि तुम्ही चेक बाउन्सची एक फाइल पुढ्यात ठेवलीत. "कलम १३८ काढ. मोठ्यानं वाच. आता कालनिर्णय घे नि दिवस मोज." बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर तक्रारीला एक महिना. मी तिथेही ३० दिवस मोजले. तुम्ही म्हणालात, "कायद्यात महिना लिहिलाय ना? मग महिनाच मोज." बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, शब्द न् शब्द वाचायचा असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

आणि तुमचे ते तीन प्रश्न! वादी कोण? त्याला काय पाहिजे? कुठल्या तारखेला काय झालं? केशवानंद भारती खटल्याचा १९७३चा निकाल, १३ न्यायमूर्ती, शेकडो पानं. दोनदा वाचायला घेऊन सोडला होता. तुमच्या पद्धतीनं सुरुवात केली, तर आधी भेटले केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध कोर्टात आलेले एका मठाचे स्वामी. मग संविधानाच्या मूलभूत चौकटीपर्यंतची, म्हणजे संसदेलाही मोडता येत नाही त्या गाभ्यापर्यंतची, वाट सापडली. आता ज्युनिअर्सना मी हेच सांगते: आधी माणूस शोधा, तत्त्व नंतर.

१ जुलै २०२४ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीच्या कलम ४२०चं ३१८ झालं, नंबर पाठ केलेले आम्ही हवालदिल. तुम्ही मात्र फसवणुकीची जुनी आणि नवी व्याख्या शेजारी शेजारी ठेवून दाखवलीत. घटक तेच होते. त्या वर्षी मी परीक्षेला घाबरले नाही.

सोमवारी पेढे घेऊन येतेय. सनद मिळाली की माझं पहिलं वकीलपत्र दाखल करायला तुम्ही सोबत यायचं. कोर्ट फीचं तिकीट नीट लावलंय का, तुम्हीच बघा.

तुमची,
इंटर्न पोरगी