चाकाआड लपलेले नट

डेन्व्हर, रविवार रात्र

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तुझ्या हायलक्स पिकअपला स्पेसर टाकायचेत (चाक ज्यावर बसतं ते हब आणि चाक यांच्या मधे घालायच्या, चाक बाहेर काढणाऱ्या जाड चकत्या), तासगावच्या चौकात गाडी रुंद दिसली पाहिजे, आणि ओळखीचा टर्नर निम्म्या पैशात करून देतोय. फोन केला असता तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझी फजिती ऐक. दोन हिवाळ्यांपूर्वी मी माझ्या टॅकोमा पिकअपला 285 मिलिमीटर रुंदीचे टायर घातले. ते आतल्या अंगाला वरच्या कंट्रोल आर्मला (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला) घासायला लागले, म्हणून 32 मिलिमीटरचे स्पेसर आणले. इथं बर्फाच्या दिवसात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात, त्यानं हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. मी फडकं फिरवलं आणि स्पेसर चढवला. पाच महिन्यांनी टायरची अदलाबदल करायला पुढचं डावं चाक उतरवलं, तर स्पेसरला हबवर धरणाऱ्या सहापैकी दोन नट बोटांनी फिरले. पाना लावायचीही गरज नाही! चाकाचे बाहेरचे नट मात्र दगडासारखे घट्ट. दर महिन्याला तेच तपासून मी स्वतःची पाठ थोपटत होतो. आतला गंजाचा पापुद्रा दाबानं चुरत गेला, फट पडली आणि स्टडवरचा, म्हणजे नट चढतात त्या आट्यांच्या दांड्यांवरचा, ताण उतरला. त्याच आठवड्यात बायकोला आणि पोरीला घेऊन घाट उतरून आलो होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणजे बघ, स्पेसर बसवल्यावर गाडीला 24 चे 48 नट होतात, आणि त्यातले निम्मे चाकाआड लपलेले असतात. पंक्चरवाल्याला ते दिसत नाहीत, तुलाही दिसत नाहीत. सगळा धोका तिथं आहे.

आता टर्नरचं. माणूस चांगला आहे, पंपाचा शाफ्ट त्याच्याकडंच दे. पण हे काम त्याचं नाही. चांगला स्पेसर फोर्ज केलेल्या 6061-टी6 ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातले स्टड मागून दाबून बसवलेले असतात. शिवाय आतलं भोक हबच्या उंच कडेवर चपखल बसावं लागतं आणि बाहेर तशीच कडा चाकासाठी काढलेली असावी लागते. यालाच हब-सेंट्रिक म्हणतात. तुझी हायलक्स आणि माझी टॅकोमा या बाबतीत सख्ख्या बहिणी: सहा नट, 139.7 मिलिमीटरचा पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक 106.1 मिलिमीटर, स्टड एम12 म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचे आणि दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर. तरी व्हर्नियर लावून स्वतः मोजच. भोक सैल असलं तर चाक मध्यावर बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग करत पैसे घालवत बसायचं.

दुकानात थाळीसारखी चपटी चकतीही मिळते, स्वतःचे स्टड नसलेली. ती घातली की तुझ्याच स्टडवर नटाला आटे कमी उरतात. नट किमान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे 12 मिलिमीटर चढला पाहिजे. 1.5 च्या आट्यांवर ते आठ पूर्ण फेरे होतात. फेरे मोज, सातलाच अडकला तर ती चकती परत कर. आणि एकावर एक दोन कधीच लावू नको, कोण काहीही सांगो. स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये उलटी अडचण असते. जाडी कमी असली तर जुन्या स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर डोकावतात. चाकाच्या पाठीमागं खोबणी नसली तर चाक त्या टोकांवर टेकतं. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चाक बसलेलंच नसतं.

बसवायच्या दिवशी तारेच्या ब्रशनं हबचं तोंड चकचकीत होईपर्यंत घास. मागच्या ड्रमवर स्टडला पत्र्याच्या चकत्या असतील तर काढून टाक. ग्रीस लावायचंच असेल तर कडेला नावापुरतं. स्टडवर अजिबात नको, कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क (नट आवळायचा जोर) स्टडला जास्त ताणतो. नट चांदणीसारखे समोरासमोर आवळ. माझ्या गाडीचा आकडा 113 न्यूटन-मीटर आहे. तुझा तुझ्या मॅन्युअलमधून घे आणि आतल्या नटांसाठी स्पेसरबरोबरचा कागद वाच. स्पेसरचे नट आवळताना हब फिरतं, तेव्हा एखाद्या पोराला ब्रेक दाबून बसव. हवेची गन नको, आणि पान्याला पाइप जोडून त्यावर उभं राहणं तर मुळीच नको. दीडशे किलोमीटर झाले की चाकं काढायची आणि आतले नट पुन्हा टॉर्क रेंचनं बघायचे. हे काम कंटाळवाणं आहे. मी तेच टाळलं होतं.

आणि हे सगळं नीट केलंस तरी चाक 32 मिलिमीटर बाहेर गेलं की बेअरिंगवरची तरफ वाढते. गंधकाची पोती आणि बेदाण्याचे बॉक्स भरून खड्ड्यांतून जाणाऱ्या तुझ्या गाडीला हे जाणवणार. स्टिअरिंग वळवताना टायर मडगार्डला लागेल, चिखल दरवाजावर उडेल. कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमावाल्याला आयतं कारण मिळेल.

मला स्पेसर लागले ते टायर घासत होते म्हणून. तुझे टायर कंपनीचेच आहेत आणि ते कुठंही घासत नाहीत. रुबाबच हवा असेल तर आधी ती मागची पिचकलेली पट्टी बदल, तीन वर्षं बघतोय.

तरी ऐकायचं नसेल तर टॉर्क रेंच आधी घे, स्पेसर नंतर. हबचं माप आणि स्टडची बाहेर राहिलेली लांबी मिलिमीटरमध्ये मोजून फोटो पाठव, मग बोलू. काकींना नमस्कार. यंदाच्या बेदाण्याला दर काय लागला ते कळव.

तुझा,
बंड्या