काल्याच्या दिवशीची गर्दी व वाटांबाबत सूचना

यात्रा समितीच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, यंदा काल्याच्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांनी फक्त वर जायचे असून, दर्शनानंतर मागच्या दाराने शाळेच्या पटांगणातून महाप्रसादाच्या मंडपाकडे उतरायचे आहे. जाणारे व येणारे एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आले की गर्दी बेताची असली तरी कोंडी होते, आणि मागच्यांना पुढचे काही दिसत नसल्यामुळे ते ढकलतच राहतात.

एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेतून मिनिटाला साधारण ८० माणसे जाऊ शकतात, पायऱ्यांवरून त्याहूनही कमी. म्हणून मंडपाच्या तोंडाशी कोणतेही दुकान लावू देऊ नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे दिसू लागताच रांग खालीच थांबवावी.

२००५ साली मांढरदेवीच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. तेथे फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. सबब, नारळ पाराजवळच फोडावेत व पायऱ्यांवर पाणी सांडल्यास लगेच कोरडी रेती टाकावी.

बैलबंड्या व ट्रॅक्टर नाल्याच्या अलीकडे सोडावेत. "महाप्रसाद संपत आला" अशी घोषणा भोंग्यावरून कोणीही, गमतीनेसुद्धा, करू नये. स्वयंसेवकांनी शिट्टीसह सकाळी ८ वाजता ग्रामपंचायतीसमोर हजर राहावे.

— सचिव, यात्रा समिती