‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’: प्रतिशब्दासोबत मूळही शिकवा

महोदय,

सीताबर्डीपासून महालापर्यंत चालणाऱ्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत क्रियापदाची तीन रूपे आणि समोर एक मराठी शब्द अशा याद्या पाठ करून घेतल्या जातात. त्यांत ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ या दोहोंपुढे ‘संशय घेणे’ असेच लिहिलेले असते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका तरुणाने वाढीव वीजबिलाच्या तक्रारीत ‘आय डाउट दॅट द मीटर इज फॉल्टी’ असे लिहिले. मीटर नादुरुस्त असल्याचा संशय त्याला कळवायचा होता. वाक्याचा अर्थ मात्र ‘मीटर नादुरुस्त असेल असे मला वाटत नाही’ असा झाला. तक्रारदारानेच तक्रार निकालात काढली!

इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन भाषकांचीही हीच गत होते. त्यांचे ‘उइसिमहादा’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ सांभाळते. ‘उइसिम’ म्हणजे शंका, हे चिनी मुळाचे नाम. त्याला ‘हादा’ म्हणजे ‘करणे’ जोडायचे, जसे आपण संस्कृत नामांना जोडतो.

अशा वेळी शब्दाचे मूळ उपयोगी पडते. ‘डाउट’ हा लॅटिन ‘दुबितारे’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला; त्याच्या मुळाशी ‘दोन’ ही संख्या आहे आणि आपले ‘द्विधा’ त्याच कुळातले. (त्यातला मुका ‘बी’ विद्वानांनी लॅटिनच्या प्रेमापोटी मागाहून घुसवला, त्याची शिक्षा मुले अजून भोगत आहेत.) ‘सस्पेक्ट’मध्ये ‘सब’ म्हणजे खालून आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे, संस्कृतातले ‘पश्यति’ याच गोतावळ्यातले. पहिल्यात मन दोहोंमध्ये घुटमळते आणि विश्वास डळमळतो, दुसऱ्यात नजर एका गोष्टीवर रोखलेली असते, हे एकदा उमगले की मीटरच्या वाक्यात कोणते क्रियापद हवे ते विचारावे लागत नाही; शिवाय ‘इन्स्पेक्ट’ आणि ‘रिस्पेक्ट’ ओघानेच कळतात. प्रत्येक क्रियापदाचे मूळ असे कामी येत नाही, कित्येकांचे अर्थ पार बदलले आहेत; म्हणून शिक्षकाने निवड करावी.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांमध्ये कोरियनचाही उल्लेख आहे. उद्या आपल्या शाळांत ती आलीच, तर निदान ‘उइसिमहादा’चा अर्थ इंग्रजीतून सांगू नये, ‘संशय घेणे’ तेथे थेट बसते.

एक निवृत्त शिक्षक,
धरमपेठ, नागपूर