नारळ नंतर, लेखाशीर्ष आधी

प्रिय संज्या,

महापालिकेच्या स्थायी समितीत गेलास, अभिनंदन! पेढे पोचले. मी चालवतो त्या बेघर निवाऱ्यातल्या आजोबांनी एकट्याने चार हाणले, वर ‘तुमच्या दोस्ताला म्हणावं, गादी बदला’ असा निरोपही दिलाय.

तू विचारतोस, बेघरांसाठी काही करायचं तर महापालिकेने पैसा आणायचा कुठून? बाबा रे, बांधायला पैसा मिळतो. घोडं अडतं ते चालवण्यापाशी. भूमिपूजनाला फोटो असतो, काळजीवाहकाच्या पगाराला नसतो.

मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ५७ हजारांवर बेघर नोंदले गेले. शहराच्या एकूण लोकसंख्येच्या हिशेबाने तिथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातून इमारतीला पैसे होते आणि पाच वर्षं चालवण्यालाही. पुढे तुमचं तुम्ही बघा. ते अभियानही सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं.

तुमचं तुम्ही बघा म्हणजे काय, ते आमच्याकडे रोज दिसतं. गेल्या आठवड्यात गीझरची कॉइल जळली. किरकोळ काम, पण देयक मंजूर होईपर्यंत थंडी संपली असती. भंगार वेचणाऱ्या एका मावशींनी पदराच्या गाठीतले पन्नास काढून दिले, मग बाकीच्यांनी वर्गणी केली. रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा पगार दिवाळीपासून थकलाय. तरी तो येतो, कारण त्याचीही झोपायची सोय इथेच आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ज्यांच्या टेबलावर फाइल आहे त्यांना वाटत नाही.

आता पैसा. मालमत्ता करावर उपकर लावायचं तर कोणाची छाती होणार नाही. मुंबईत तर २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर माफच आहे. जकात आणि तिच्या जागचा स्थानिक संस्था कर २०१७ पर्यंत गेले, त्या बदल्यात येणारं अनुदान पगार-पेन्शनमध्ये कधी विरतं कळत नाही. कर्जरोख्यांचं स्वप्न बघू नकोस. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले ते पाण्यासाठी. पाण्याला बिल लावता येतं, निवाऱ्याला काय लावणार? जादा एफएसआयसाठी, म्हणजे वाढीव बांधकामासाठी, बिल्डर भरतात त्या प्रीमियमचा पैसा बाजाराबरोबर वरखाली होतो, तो इमारतीला वापर, पगाराला नको. कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे समाजकार्याचा निधी देणारे, गाद्या देतील, गाद्यांपेक्षा मोठी पाटीही देतील.

मला दोनच जागा दिसतात. एक, खरेदीखतांवरच्या मुद्रांक शुल्कातून महापालिकेला मिळणारा १ टक्का अधिभार. शहरात घरं विकली जातात, त्यातला बारीकसा वाटा घर नसलेल्यांना जावा, यात सभागृहात कोणी उघड विरोध करणार नाही. दुसरी म्हणजे दुर्बल घटकांसाठी आणि दिव्यांगांसाठी राखीव असलेली ५-५ टक्के तरतूद. आमच्याकडे निम्मे लोक काठीवर किंवा दृष्टी गेलेले आहेत. त्या पैशाचं मार्चअखेर काय होतं ते आधी तपास. कुठे वर्गीकरण करून, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवून, पेव्हर ब्लॉकला गेलेला सापडला, तर मला नवल वाटणार नाही.

घरांचंही थोडं लिहितो. पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारीतल्या घराला केंद्र दीड लाख देतं, राज्य एक लाख, उरलेलं लाभार्थ्याने कर्ज काढून भरायचं. पदपथावर झोपणाऱ्याला कर्ज कोणती बँक देणार? ४००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांत २० टक्के छोटी घरं ठेवण्याचा नियमही चांगला आहे, पण तीही विकतचीच. आमच्या लोकांना भाड्याची खोली हवी, तीही महिना भरता येईल अशी. २०२४ मध्ये आलेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे आणि त्यात बेघरांचा उल्लेखही आहे. तुमच्याकडे बांधून पडून असलेल्या सदनिका असतील तर त्यांची यादी माग. अधिकारी ‘माहिती संकलित करत आहोत’ म्हणतील, तर तारीख लिहून घे.

अंदाजपत्रक तुमच्याकडे आलं की उपसूचना दे: ‘निवारा केंद्र परिचालन’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात या खर्चाचं वेगळं खातं, स्वनिधीतून, महसुली (म्हणजे चालू) खर्चात, आणि त्यातून वर्गीकरणाला मनाई. आकडा सुरुवातीला लहान असला तरी चालेल. एकदा शीर्ष उघडलं की दरवर्षी भांडायला जागा राहते. मसुदा मी करून पाठवतो, भाषा तुमच्या नगरसचिवांना आवडेल तशी तू वाकव.

आणि एखाद्या रात्री दहानंतर ये. न सांगता ये, नाहीतर त्या दिवशी नेमक्या सगळ्या चादरी धुतलेल्या असतील. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अवी