बेलमच्या भुयारात गारवा शोधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुटी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जोडपी गाडी काढून आंध्रातल्या बेलम गुहा बघायला निघतात. भुयार म्हणजे गारवा, तेव्हा ऊन तापल्यावरच आत उतरू, असा बहुतेकांचा बेत असतो आणि दिवस तिथेच बिघडतो.

जमिनीखाली खोलवर हवा त्या मुलुखाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला टेकून असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली कार्ल्सबाडची गुहा बाराही महिने १३ अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथे लोक जाकीट घालून उतरतात. बेलम ज्या रायलसीमा भागात आहे त्याची सरासरी २८ च्या घरातली. त्यात आत ओल आणि हवा खेळायला मोजकी तोंडे, त्यामुळे घाम सुकत नाही.

म्हणून सकाळी दहाला, गेट उघडतानाच तिथे असावे. सहलींच्या बसगाड्या येऊ लागल्या की अरुंद वाटांत रांग थांबते, माणसे वाढतात आणि हवा आणखी जड होते. वरून झरोक्यांतून हवा सोडतात, पण ती सगळीकडे सारखी पोचत नाही. डोके जड झाले किंवा धाप लागली, तर पुढे न रेटता हवा सोडलेल्या जागी परत यावे. दोघांपैकी एकाला दमा किंवा गुडघेदुखी असेल तर कुठून मागे वळायचे हे उतरण्यापूर्वीच ठरवा. वाकून जाण्याच्या बोळात, मागे रांग उभी असताना, ती चर्चा होत नाही.

दहाला पोचायचे तर मुक्काम आदल्या रात्री ताडिपत्रीला हवा. तिथून बेलम तीसेक किलोमीटर. बेळगावहून हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट, बळ्ळारी, गुंतकल, गुत्ती, ताडिपत्री असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पल्ला आहे. जेवणखाण धरून दहा तास लागतात. एका दिवसात जाऊन येऊ म्हणणाऱ्यांनी नकाशा पुन्हा बघावा. होस्पेट-बळ्ळारी पट्ट्यात खनिजाच्या लॉऱ्या असतात, तो टप्पा उजेडी पार करा. टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. दुपारी दाब तीन-चार पीएसआय चढलेला दिसतो, तो उन्हाचा आणि धावण्याचा असतो. घाबरून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो आणि पुढच्या पल्ल्यात जास्त तापतो.

सोबत प्रत्येकी एक लिटर पाणी, सुती कपडे, रबरी तळव्याचे बूट. दिवे लावलेले आहेत, तरी वीज जाते. विजेरी एक नको, दोन हव्यात. एसी गाडीतून थेट आत गेले की थंड काचेवर वाफ धरते आणि कॅमेरा, मोबाइल, चष्मा सगळेच आंधळे होते. पोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटे एसी बंद करून काचा उघडाव्यात, एवढाच उपाय.

आतला दगड म्हणजे काळसर चुनखडक, आपल्या ओट्यावरच्या कडप्प्याचा भाऊबंद. कडप्प्यावर लिंबू सांडून राहिले की डाग पडतो, तेच काम इथे पाण्याने केले. मातीतून मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट झाले आणि लाखो वर्षे फटी खात गेले. एकूण लांबी ३,२२९ मीटर, त्यातली सुमारे दीड किलोमीटर पर्यटकांना खुली. सगळ्यात खोल जागा पाताळगंगा, ४६ मीटर खाली. तिथली फरशी ओली असते, पाय जपून टाकावा. सप्तस्वर गुहेत छतावरून लोंबणारे खांब ठोकून आवाज काढून दाखवतात. तो हट्ट गाइडकडे धरू नये. हे खांब ठिसूळ असतात, आणि बोटांचे तेल लागले तरी त्यांची वाढ खुंटते.

१८८४ मध्ये या गुहांची नोंद करणारे भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट आपल्याकडेही हिंडलेले. कलादगी आणि गोकाकच्या खडकांवर त्यांनी १८७६ मध्ये लिहिले होते. पुढे १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने आतला तपशीलवार शोध घेतला आणि २००२ मध्ये गुहा लोकांसाठी उघडल्या.

बाराच्या सुमारास बाहेर आल्यावर गंडिकोटाच्या दरी-किल्ल्याचा मोह होतो. अंतर साठेक किलोमीटर. घामाने थकलेल्या अंगाने पेन्ना नदीच्या त्या दरीकाठी कडक उन्हात उभे राहण्यापेक्षा जेवून विसावा घ्यावा आणि तिसऱ्या प्रहरी निघावे. दरीच्या कड्यावर कठडा नाही. फोटोसाठी मागे सरकताना दुसऱ्याने पायाकडे लक्ष ठेवावे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)