बँकॉकमधल्या आमच्या काकूंना, जाहीर आभार

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं, चहा टाक" म्हणून विषय बदलायचात. आता तुम्ही इथलं बिऱ्हाड आवरून कायमच्या मिरजेला गेलात, तेव्हा मला अडवायला कुणी नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. बँकॉकला नव्याने येणाऱ्या मराठी माणसांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

बदली होऊन इथे आलेल्या बहुतेक घरांचे दिवस एका ठरावीक रेघेवर चालतात. कॉन्डो, बीटीएसचं (इथल्या उंचावरच्या मेट्रोचं) स्टेशन, मॉल, शाळेची बस. सुखुमवितला भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, तूरडाळ आणि कढीपत्ता मिळतो. शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, मोठी सुट्टी आली की फुकेत नाहीतर क्राबी. आम्हीही तसेच राहत होतो आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण या रेघेच्या बाहेर एक अख्खं शहर नांदतं, त्याच्याशी आपली ओळखदेख होत नाही. तुम्ही आम्हाला हाताला धरून त्या शहरात नेलंत. माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

सगळ्यात आधी सासूबाईंबद्दल लिहिते. जुलै 2024 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा मिळाली आणि आम्ही आईंना गणपतीच्या आधी बोलावून घेतलं. दसरा करून, दिवाळीच्या आत परत जायचं असं ठरलं होतं. आई आल्या, पण बाविसाव्या मजल्यावर त्या पार कोमेजल्या. खाली उतरायचं तर भाषा येत नाही, शेजारी कुणाशी बोलणं नाही, आणि कुठलाही वास आला की "मासळीचा आहे का गं?" अशी धास्ती. आम्ही दोघं कामात. मॉलमधला गारठा त्यांना सोसत नव्हता. अशात एके सकाळी तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "आई, पिशवी घ्या, मंडईत जाऊ."

ख्लोंग तोईच्या बाजाराबद्दल मी फक्त ऐकून होते. भलामोठा बाजार, खाली ओल, मांस-मासळीच्या रांगाच्या रांगा. जन्मात अंडं न खाल्लेल्या बाईला तिथे कसं न्यायचं, हा माझा प्रश्न. पण कुठल्या बाजूने शिरलं की थेट भाजीच्या गल्लीत निघतो हे तुम्हाला पाठ होतं. आईंचा हात धरून तुम्ही अशा वळणावळणाने नेलंत की मासळीचं एकही दुकान वाटेत आलं नाही. तेवढ्यासाठी तुम्ही केवढा वळसा घेतलात ते मला पुढे एकटीने गेल्यावर समजलं.

तिथे आईंना केळफूल दिसलं, शेवग्याच्या शेंगा दिसल्या, कोवळा फणस, ओली हळद, विड्याची पानं. तोंडलीचा पाला दिसला आणि इथले लोक त्याचं सूप करतात हे ऐकून त्यांना नवल वाटलं. मग एका टोपलीत तुळशीच्या जुड्या दिसल्या. इथल्या फात कफ्रावमध्ये चिकनच्या किंवा पोर्कच्या खिम्याबरोबर परततात ती आपलीच तुळस, हे मी दुकानातून कितीदा डबा आणूनही ओळखलं नव्हतं. आईंनी वासावरून ओळखली. खिम्याचं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांच्याकडे ती रोजच्या जेवणात असते, आपल्याकडे अंगणात. आपण आपल्यापुरती लावू." त्या जुडीतल्या दोन काड्या पेल्यात ठेवून तुम्ही मुळं फुटू दिलीत आणि कुंडीत लावलीत. आमच्या बाल्कनीत आज जी तुळस आहे ती तीच. तिचं लग्नही लागतं.

त्या दिवसानंतर आई वाट बघू लागल्या. तुमच्याबरोबर जायचं म्हटलं की सकाळी सातलाच साडी नेसून तयार. ज्या नारळवाल्या पांकडे (पा म्हणजे थायमध्ये मावशी) तुम्ही नेहमी जायचात, त्यांच्याकडे मशीनवर खवलेला नारळ वजनावर मिळतो. आईंना त्या मशीनचं इतकं कौतुक, की नारळ नको असला तरी दोन मिनिटं तिथे थांबायच्या. पा थायमध्ये बोलायच्या, आई मराठीत, आणि दोघींचं छान चालायचं.

गणपतीत मोदकांची उकड तुम्ही आमच्या ओट्यावर शिकवलीत. इथे पिठाच्या पाकिटांवर तीन तोंडांचा हत्ती असतो. लाल अक्षरांचं पाकीट साध्या तांदळाच्या पिठाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. लाल पाकिटाच्या उकडीत हिरव्यातलं चमचाभर पीठ घातलं की पारी चिरत नाही, कळ्या पातळ येतात. आईंची हयात आंबेमोहोराच्या पिठीवर गेलेली, तरी त्यांनी तुमचं ऐकलं आणि पहिला मोदक उकडून निघाल्यावर तुमच्या पाठीवर हात फिरवला. सारणात गुळाऐवजी माडाची साखर होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून खनोम तोम आणलेत: चिकट पिठाच्या गोळ्या, आत नारळ आणि माडाची साखर, वरून खवलेला नारळ. थाई लोक आपल्या फ्रा फिखनेतला, म्हणजे गणपतीलाच, हे दाखवतात असं तुम्ही सांगितलंत. आईंनी दोन्ही एका ताटात ठेवून नैवेद्य दाखवला. माझ्या लेकीने त्या ताटाचं चित्र शाळेत काढलं. ते अजून आमच्या फ्रीजवर आहे.

पुढचं तर मी कधीच विसरणार नाही. आईंना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. एरवी बँकॉकमध्ये अशा माणसाने बाहेर काही खायचं म्हणजे अशक्यच. शाकाहारी म्हणून मागितलेल्या भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. पण चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस इथे 'चे' पाळतात. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, माशाचं पाणी नाही, आणि कांदा-लसूणही नाही. अमावास्येनंतर सुरू होणारा हा सण बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राबरोबरच येतो. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरलाच सुरू झाले. गल्लीगल्लीत गाड्यांवर पिवळी निशाणं लागली, त्यावर लाल अक्षर. तुम्ही आईंना म्हणालात, "पिवळं निशाण दिसलं की बिनधास्त खा."

आईंचा उठता-बसता उपास. मधल्या एका संध्याकाळी आपण याओवारातला, म्हणजे इथल्या चायनाटाउनला, गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, वाफा, तेलाचे मोठे झारे, पांढऱ्या कपड्यातली माणसं. तळलेलं तारो, टोफू, नूडल्स, आळंब्यांचं सूप. आईंनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशात, भर रस्त्यात, उभं राहून, कुणालाही काहीही न विचारता खाल्लं. प्रत्येक गाडीपाशी त्या निशाणाकडे बोट दाखवायच्या आणि पुढे सरकायच्या. बहात्तर वर्षांच्या बाईला एका परक्या शहरात असं निर्धास्त जेवता यावं, यासाठी तुम्ही किती महिने मनात बेत ठेवला होतात ते मला नंतर कळलं. तुम्ही कॅलेंडरवर त्या तारखांवर आईंचं तिकीट निघायच्या आधीच खुणा करून ठेवल्या होत्या.

दसऱ्याला सीलोमच्या मारिअम्मन देवळाची मिरवणूक दाखवलीत, तेही रात्रीच्या गर्दीत, आईंना बसायला फोल्डिंगची खुर्ची बरोबर घेऊन. तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेलं ते देऊळ, आणि रस्त्यावर हार मांडून बसलेली निम्म्याहून जास्त माणसं थाई. तिथल्या झेंडूसाठी पहाटे पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात जायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. आमच्या दाराला तेव्हापासून तोरण तिथल्याच फुलांचं असतं.

लेकीच्या बाबतीत तुमचं ऋण वेगळंच आहे. शाळेत थाई भाषा सुरू झाली आणि ती रडायला लागली. तुम्ही तिला शिकवायला बसवलंत ते आपल्या बाराखडीपासून. थाई लिपीही शेवटी ब्राह्मीचीच नात, तिचीही अक्षरं क, ख, मग च, मग त, थ, प, फ अशाच ओळीने येतात. 'क कमळाचा' तसं 'को काय' (काय म्हणजे कोंबडी), 'ख खटाऱ्याचा' तसं 'खो खाय' (खाय म्हणजे अंडं). लेक दोन्ही ओळी एका दमात म्हणायला लागली आणि तिचं मराठी अक्षरही त्यातच सुधारलं. परदेशात मुलांचं मराठी सुटतं म्हणून आम्ही सगळे हळहळत असतो. तुम्ही हळहळला नाहीत, रोज संध्याकाळी अर्धा तास दिलात.

आणि बांग क्रचाव! ख्लोंग तोईच्या देवळामागच्या धक्क्यावरून छोट्या होडीत बसलं की पाच-सात मिनिटांत नदीपलीकडे. मागे वळून पाहिलं तर उंच इमारती, पुढे नारळी, केळी, खाजणातली निपा नावाची ताडासारखी झाडं. भाड्याच्या सायकली घ्यायच्या आणि पाण्यावरून उचलून बांधलेल्या सिमेंटच्या अरुंद वाटांनी जायचं. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून लेकीला तुम्ही पुढे घातलंत आणि स्वतः मागून "हळू, समोर बघ" करत आलात. शनिवार-रविवारी तिथे बांग नाम फुएंगचा बाजार भरतो. तिथे खनोम ख्रोक करणारी बाई बसते. बिडाचं पात्र, अगदी आपलं आप्पेपात्र, पण खळगे खूप. आधी तांदळाचं पातळ पीठ ओतते, कडा धरल्या की वर नारळाचं दाट दूध, त्यावर मक्याचे दाणे किंवा पातीचा कांदा, मग झाकण. कड कुरकुरीत, मध्ये दुधासारखं मऊ. काढताना दोन अर्धुकं एकमेकांवर पालथी घालून एक करते. आई तिच्यासमोर स्टुलावर बसून सगळा घाणा बघत राहिल्या, मग स्वतःचा बिनकांद्याचा मागवला. कोकणातल्या त्यांच्या माहेरची आठवण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी इतका वेळ कधी बोललोच नव्हतो. त्या गप्पांसाठीही तुमचे आभार, काकू.

बाकी किती लिहू? दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, ती तारीख तुम्ही मला आठवण करून द्यायचात. चप्पल कुठे काढायची, मुलांच्या डोक्यावर हात का ठेवायचा नाही, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की बागेत पळणाऱ्या पोरीला कसं थांबवायचं, हे सगळं न रागावता सांगितलंत. लेकीला पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नुसती थरथरत होते. तुम्ही रात्री अकराला नारिंगी जॅकेटवाल्याच्या मोटरसायकलवर एका बाजूला बसून आलात. नर्सशी थायमध्ये बोललात, प्लेटलेटचा आकडा दर वेळी विचारून कागदावर लिहून ठेवलात आणि मला सक्तीने झोपवलंत. त्या रात्रीबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

तुमची वही माझ्याकडे आहे. थाई वाक्यं देवनागरीत, वर सुराच्या चढ-उताराच्या बाणांच्या खुणा: 'माय साय नाम प्ला' (माशाचं पाणी घालू नका), 'माय साय खाय' (अंडं घालू नका), 'फेत नित नोय' (थोडंसंच तिखट). रोमन अक्षरात लिहिलेलं वाचून आम्ही जे बोलायचो ते कुणाला कळायचं नाही, तुमच्या वहीतलं पहिल्या झटक्यात कळतं. नवव्या मजल्यावर नाशिकचं एक कुटुंब नव्याने आलंय. त्यांना तिची झेरॉक्स दिली आणि येत्या रविवारी त्यांच्या आईंना मंडईत नेतेय, भाजीच्या गल्लीतून. मूळ वही मात्र कुणाला देणार नाही.

नारळवाल्या पा प्रत्येक वेळी तुमची चौकशी करतात. तुमचा फोटो दाखवला तर मशीन बंद करून बघत बसल्या.

गुडघा बरा असेल तर यंदा त्रिपुरी पौर्णिमेला या. पाऊस संपलेला असतो आणि लॉय क्रथोंग बहुतेकदा त्याच रात्री असतं. कृष्णेच्या घाटावर दिवे सोडायचात असं तुम्ही सांगायचात; इथे केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर फुलं-मेणबत्ती लावून नदीत सोडतात, त्या चकत्या लेकीला तुमच्याकडूनच कापून हव्या आहेत. आईही त्याच सुमाराला यायचं म्हणताहेत. तिकीट काढलंत की कळवा. विमानतळावर न्यायला आम्ही सगळे येतो.

तुमची,
बाविसाव्या मजल्यावरची सून